मीठबंदर क्लबच्या स्टेडियमसाठी जागा पाहिजे

कामोठे,
रविवार, फेब्रुवारी २०१२

प्रिय ताहेर,

महादेवचा आधी सलाम, मग नमस्कार, आणि दोन्ही मिळून जेवढं प्रेम होत असेल तेवढं सगळं. आम्ही इकडे बरे आहोत. शशिकलाचे गुडघे जिना चढताना बोलतात, पण ती स्वतः त्यांच्यापेक्षा जास्त बोलते, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुझी साखर कशी आहे? भाभींची कंबर? माहनूरचं कॉलेज, अदीबची नोकरी? मस्कतला थंडी पडते का, हे मी तुला वर्षानुवर्षं विचारतोय आणि तू दर वेळी पेट्रोलचा भाव सांगतोस. फोनवर तू 'हां हां, बोल' म्हणालास की मला बोलायचं असतं तेच आठवत नाही, म्हणून हे पत्र. (कमलाकर म्हणतो, हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, म्हणूनच ताहेर ते वाचेल.)

मध्यंतरी मोऱ्याला गेलो होतो, तेव्हा तुझ्या बहिणीकडे, कुबराकडे डोकावलो. तिने सुरमई खाऊ घातली आणि हात धुताना सांगितलं की चिरनेरच्या वाटेवरची तुमची जागा तू विकायला काढली आहेस, गिऱ्हाईक तयार आहे, आणि तू तिकडूनच मुखत्यारपत्र पाठवून सगळं उरकणार आहेस. म्हणजे यायचीसुद्धा गरज नाही. असो. जागा तुझी, बाप तुझा, निर्णय तुझा. मी त्यावर एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र फक्त आपल्या क्लबच्या स्टेडियमविषयी आहे.

हो, स्टेडियम. हसून झालं असेल तर पुढे वाच. आपला दीनानाथ आता क्लबचा अध्यक्ष आहे. (तोच तो सेंटर फॉरवर्ड, ज्याच्या पायात बॉल आला की आपण डोळे मिटून घ्यायचो.) शेत गेलं, पैसा आला, इमारती उठल्या, गळ्यात साखळ्या आल्या आणि पोटही त्याच क्रमाने आलं. वार्षिक सभेत मिसळ खाता खाता त्याने जाहीर केलं की मीठबंदर फुटबॉल क्लबला स्वतःचं स्टेडियम झालंच पाहिजे, खर्चाचं मी बघतो, तुम्ही जागा बघा. स्टेडियम म्हणजे फार काही नाही, एक मैदान आणि त्याच्या एका अंगाला बसायला चार पायऱ्या. पण शब्द सभेत असा घुमला की मिसळवाल्यानेही टाळ्या वाजवल्या. जागा शोधायची समिती नेमली, तीत मी, आणि चिटणीस म्हणून कमलाकर, जो सर्व्हे ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून भाजीसुद्धा 'नियमाप्रमाणे' घेतो.

जागा शोधायची वेळ का आली ते तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपलं जुनं मैदान आठवतं ना? मिठागराच्या बांधाला लागून, भरतीला एक कॉर्नर कायम ओला व्हायचा आणि आपण समोरच्या टीमला नेमकं तिकडे ढकलत न्यायचो. त्याच्यावर आता सात मजली बिल्डिंग आहे आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. देवळाचा कळस एका बाजूला आणि जुना पिंपळ दुसऱ्या बाजूला धरून मी कितीदा तरी अंदाज बांधलाय, तुझा गोल बरोबर आमच्या स्वयंपाकघराखाली येतो. शशिकला जिथे भाकरी थापते त्याच्या खाली तू पेनल्टी अडवायचास. मी तिला हे मोठ्या भक्तिभावाने सांगितलं तर ती म्हणाली, मग त्याला म्हणावं येताना गॅसचा सिलिंडर वर आणून दे.

आणि गोलचे खांब? ते अजून आहेत. तुझ्या अब्बांनी मोऱ्याच्या धक्क्यावरून जुने लोखंडी पाइप मिळवून, स्वतः उभं राहून जोडून घेतलेले. मैदान गेलं तेव्हा भंगारवाला ते घ्यायला आला होता, मी त्याला चहा पाजून परत पाठवला. तेव्हापासून ते माझ्या पार्किंगमध्ये पडून आहेत आणि माझी स्कूटर बाहेर उन्हात असते. सोसायटीचे सेक्रेटरी मला दर दिवाळीला फराळाबरोबर नोटीस देतात. क्लब या मोकळ्या प्लॉटवरून त्या मोकळ्या प्लॉटवर हिंडतो, पाया खणायला मशीन आलं की आम्ही खांब उपटतो, टेम्पोत घालतो आणि पार्किंगमध्ये परत. इतकी वर्षं हे चाललंय. प्रत्येक वेळी सगळ्यात आधी उचलतो ते खांब आणि सगळ्यात शेवटी मी घरी येतो.

आता आपल्या क्लबची रीत तुला सांगायला नको. जागा नुसती बघून पसंत करायची नाही, खांब रोवून तिच्यावर एक सामना खेळायचा, मगच हो किंवा नाही. त्याप्रमाणे प्रत्येक जागेवर म्हातारे विरुद्ध तरणे असा सामना झाला. म्हाताऱ्यांच्या गोलात कोण, हा प्रश्न आला, तेव्हा कोणी पुढे होईना. मग मी माझ्या घरची निळी प्लास्टिकची खुर्ची नेऊन गोलात ठेवली. खुर्चीला बॉल लागला तर अडवला, बाजूने गेला तर गोल. राग मानू नकोस, पण खुर्ची उंच बॉलला तुझ्याइतकीच कच्ची आहे आणि खालच्या बॉलला तुझ्यापेक्षा बरी. शिवाय बचावफळीला आईमाईवरून शिव्या देत नाही. तरणी पोरं तिला 'ताहेरचाचा' म्हणतात. त्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही.

तू म्हणशील, एवढी वर्षं गेली, दुसरा गोली का नाही केलात? अरे, मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढताना तू काय म्हणालास ते तुझ्या लक्षात नसेल. एका हातात बॅग, एका हातात तुझ्या अम्मीने दिलेला सांदणांचा डबा, आणि मागे वळून म्हणालास, "पक्कं मैदान कर महादू, पायऱ्यांचं. त्या दिवशी गोलात मीच." लाँच हलत होती, सगळे हसत होते, तूही गमतीत म्हणाला असशील. मी ते गमतीत घेतलं नाही.

तर पहिली जागा आमच्याच सेक्टरात निघाली. दोन सोसायट्यांच्या मध्ये छान चौकोनी तुकडा, एका अंगाला ट्यूशन क्लास. खांब रोवले, सामना सुरू झाला. थोड्याच वेळात बॉल तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत गेला आणि तिथल्या बाईंनी तो शांतपणे कपाटात ठेवला. दुसरा बॉल क्लासच्या खिडकीतून आत गेला. तिथे त्रिकोणमिती चालू होती, ती थांबली याचा मुलांना इतका आनंद झाला की ती सगळी खाली खेळायला आली आणि सर त्यांना शोधायला आले. सर स्वतः हाफटाइमपर्यंत खेळले. (बरे खेळतात. डावा पाय चांगला आहे.) जागा सगळ्यांना पसंत पडली. कमलाकर ऑफिसात जाऊन नकाशा बघून आला आणि त्याचा चेहरा उतरलेला. नकाशात त्या प्लॉटवर स्पष्ट लिहिलेलं आहे, 'खेळाचे मैदान.' आम्ही म्हटलं, मग झालं की. तो म्हणाला, नाही, नियमाप्रमाणे ते मैदान अजून विकसित झालेलं नाही, म्हणून ते होईपर्यंत तिथे खेळायला बंदी आहे. मोकळा प्लॉट असता तर चाललं असतं, पण ते मैदान आहे. दुसऱ्या दिवशी तिथे तारेचं कुंपण आलं आणि आता त्यात एक गाय असते.

दुसऱ्या जागेची गोष्ट मी तुला सांगणार नव्हतो, कारण तीत आम्हा सगळ्यांची अब्रू गेली. खाडीकडचं एक मिठागर बंद पडलंय. अष्टमीच्या सुमारास बघायला गेलो, भांगाचे दिवस, भरतीला जोर नाही, पाणी कुठच्या कुठे. जमीन तव्यासारखी सपाट, वारा असा की सगळे वीस वर्षांनी लहान झालो. सामना खेळलो, खुर्चीने दोन पेनल्ट्या अडवल्या. दीनानाथला इतकं भरून आलं की त्याने तिथेच भूमिपूजन ठरवून टाकलं. गुरुजींनी मुहूर्त काढला, पौर्णिमा, दुपारी बारा. मांडव घातला, लाल गालिचा पसरला, मोठे पाहुणे बोलावले, बँड आणला. ताहेर, तिथे जमलेला एकजात माणूस मिठागरात जन्मलेला. आपल्या बापांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं की पुनवेला दुपारी बाराला उधाणाची भरती असते आणि बाराच्या मुहूर्तावर तिथे फक्त मासे बसू शकतात. आम्ही सगळ्यांनी मुहूर्त पाहिला, पत्रिकेतलं शुद्धलेखन पाहिलं, जेवणात वाटाणे की वाल यावर दोन बैठका घेतल्या. पाण्याचं दुसऱ्याने पाहिलं असेल असं प्रत्येकाला वाटलं.

पाणी आलं तेही फार अदबीने. आधी गालिच्याखालून. पाहुण्यांना वाटलं कुणीतरी जमीन धुवून घेतंय. मग गुरुजींचा कलश जरा सरकला, मग चपला निघाल्या, आणि दीनानाथचं भाषण 'आपल्या पूर्वजांची ही भूमी' इथपर्यंत आलं तेव्हा भूमी दिसेनाशी झाली होती. बँडवाले खुर्च्यांवर चढले, पण वाजवायचे थांबले नाहीत, कारण त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात जाळं टाकायला निघालेला एक म्हातारा होडी घेऊन शेजारून गेला. आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाला, "आज पुनव हाय ना रं? तुमी मिठागरवाल्यांचीच पोरां ना?" पाहुण्यांना त्याच्याच होडीतून बांधावर नेलं. निळी खुर्ची गोल सोडून तरंगत पार हाफलाइनच्याही पुढे गेली, जे तू उभ्या आयुष्यात कधी केलं नाहीस. मी कमरेइतक्या पाण्यातून जाऊन ती आणली. घरी येऊन पाय धुताना मला फार वाईट वाटलं. पूर्वी खाडीचं पाणी कधी येणार हे आपल्याला अंगातच कळायचं. आता मला फक्त नळाला पाणी कधी येतं तेवढं माहीत असतं. तू असतास तर तू ओरडला असतास, तुझं लक्ष नेहमी खाडीकडे असायचं. (म्हणूनच पनवेलच्या टीमने तुझ्या पायांमधून गोल केला होता, पण ते जाऊ दे.)

तिसरी जागा रामूकाकांची, डोंगराच्या या अंगाला. मोठी, कोरडी, रस्त्याला लागून. काका ऐंशीच्या घरात, आम्हाला अंगणात बसवून ताक दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाय जमायचा बाबांनो. आमची जागा रनवेत हाय." विमानतळ येणार येणार हे तू जाण्याच्या थोडं नंतरच सुरू झालं आणि अजून येणारच आहे, पण इकडे आता माणसं आपली जागा रनवेत आहे हे मुलगा परदेशात आहे अशा थाटात सांगतात. शेजारच्या म्हाताऱ्याची जागा नुसती पार्किंगमध्ये जातेय, तर काका त्याच्याशी जरा तुटकच बोलतात. कमलाकर म्हणाला, विमान येईपर्यंत तरी खेळू द्या. काकांनी आकाशाकडे पाहिलं, खरंच पाहिलं, आणि म्हणाले, "नको. मधीच उतरला तं तुमची पोरां मरतील." एवढ्या मायेने कोणी आम्हाला नाही म्हटलं नव्हतं. तिथे खांब टेम्पोतून उतरलेच नाहीत.

मग चौथी जागा. ती चिरनेरच्या वाटेवर आहे. (मी त्यावर एक अक्षर लिहिणार नाही म्हणालो होतो, ते विक्रीवर. स्टेडियमची जागा म्हणून लिहिणं वेगळं.) कुबराला विचारून, तिला सोबत घेऊनच गेलो. किती वर्षांनी त्या फाटकातून आत गेलो असेन. चिरनेरला सामने खेळून परत येताना आपण तिथे थांबायचो, तुझे अब्बा विहिरीचं पाणी काढून सगळ्यांच्या डोक्यावर ओतायचे, हरलो तर एक बादली, जिंकलो तर दोन. आंबा अजून आहे. विहिरीला पाणी आहे. तू घराचा पाया म्हणून ज्या चार दगडांच्या खुणा करून गेला होतास, त्या गवतात शोधल्या तर सापडतात, मी शोधल्या.

जागा म्हणशील तर एक नंबर. थोडा उतार आहे, पण तो एकाच बाजूला, ओढ्याकडे. विहीर आहे, पण ती कोपऱ्यात आहे, म्हणजे साधारण मधल्या कोपऱ्यात. आंब्याचा अडथळा फक्त उजव्या विंगला. कमलाकरने टेप काढली, मोजायला सुरुवात केली आणि मग का कोण जाणे गुंडाळून खिशात ठेवली. सामना सुरू करायचा म्हणून मी खुर्ची गोलात ठेवली, तर कुबरा आली, खुर्ची उचलली आणि आंब्याखाली नेऊन तिच्यावर बसली. "भाईच्या जागेत भाईच्या जागी खुर्ची नको, महादेवभाई," एवढंच म्हणाली. त्यामुळे गोल रिकामा. तरण्यांमध्ये माणूस कमी म्हणून दीनानाथ त्यांच्याकडून खेळत होता. उतारामुळे बॉल आपोआप त्याच्या पायात आला आणि तोही उतारामुळेच आमच्या गोलासमोर आला. समोर कोणी नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला हमखास गोल मिळत होता. तो थांबला. धापा टाकत उभा राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "असा कसा मारू रे? समोर कोन हाय?" बॉल हळूहळू घरंगळत ओढ्यात गेला आणि कोणी आणायला धावलं नाही. आम्ही सगळे तिथेच बसलो. कुबराने डब्यातून खिमा-पाव आणला होता तो खाल्ला. तुझ्याविषयी बोललो, बहुतेक वाईटच.

ताहेर, मला तुझी आठवण येते. रोजची अशी नाही, संसाराला लागलेला माणूस आहे मी. पण स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो की खाली बघावंसं वाटतं. मागे अम्मीच्या मातीला आलास तेव्हा तू चार दिवस होतास आणि ते चारही दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. आपण दोघं दारात उभे राहिलो, तू माझा हात धरलास, आणि तेवढ्यात कोणीतरी तुला आत बोलावलं. तिथून पुढचं बोलणं राहिलंय. काय बोलायचं होतं ते मलाही माहीत नाही.

समितीच्या बैठकीत चारही जागांवर चर्चा होऊन चिरनेरच्या वाटेवरची जागा एकमताने पसंत झाली आहे. भाभींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. माहनूरला सांग, तिचा बाप एके काळी हवेत झेपावायचा. ती हसेल, तर हसू दे.

तुझा,
महादू

ता. क. समितीची विनंती अशी की सदर जागा तू विकू नयेस, क्लबला वापरायला द्यावीस. दीनानाथ भाडं द्यायला तयार आहे, पायऱ्या तोच बांधेल, नाव तुझ्या अब्बांचं देईल. त्यासाठी तुझी लेखी संमती लागेल.

आणखी ता. क. कमलाकर तुला वेगळं लिहील की नियमाप्रमाणे संमती पोस्टाने पाठवलीस तरी चालते. चालत नाही. स्वतः यावं लागतं. मी चौकशी केली आहे. तू दुसरीकडे करू नकोस.

शेवटचं ता. क. हे कमलाकरला कळू देऊ नकोस, पण त्याने टेप का गुंडाळली ते मला माहीत आहे. त्या जागेत स्टेडियम काय, नीट पाऊण मैदानही होत नाही. एक गोल विहिरीपाशी धरला तर दुसरा ओढ्यात जातो. समितीत सगळ्यांना ते दिसलं आणि तरी सगळ्यांनी हात वर केले, दीनानाथने दोन्ही. सामन्याच्या दिवशी सगळे गेल्यावर मी मागे राहून पावलांनी पुन्हा मोजलं. तुझ्या घराच्या चार दगडांना धक्का न लावता एक गोल बसतो आणि त्याच्यासमोर पेनल्टी मारायला एक माणूस उभा राहील एवढं अंतर उरतं. परत येताना टेम्पो रिकामा होता. खांब मी तिथेच रोवून आलोय.